एका दमात
आंब्याच्या चिकाचा वास आला की मला काकाच्या मोडलेल्या बरगड्या आठवतात. तो झाडावरून पडला, तेव्हा आम्ही त्याची छाती पंच्याने घट्ट आवळून त्याला रत्नागिरीच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरबाईंनी आधी पंचा सोडला. "आवळल्याने श्वास कोंडतो. दुखणं थांबवायला इंजेक्शन देते. तरीही खोल श्वास जमला नाही, तरच ऑपरेशन करून बरगड्यांवर धातूच्या पट्ट्या बसवू." मी भडकलो. "गरीब म्हणून ऑपरेशन टाळताय?" इंजेक्शन दिलं तरी वॉर्डात माझं भाषण चालूच होतं. अर्धा अर्धा श्वास घेणारा काका अचानक एका दमात म्हणाला, "मेल्या, बरगड्या माझ्या मोडल्यात नि मघापासून बोंबलतोयस तू, जरा गप ऱ्हा की." डॉक्टरबाई हसल्या. "जमला श्वास. आता ऑपरेशन कशाला?" वाद हरल्याचा इतका आनंद मला अजून दुसऱ्यांदा झालेला नाही.