दोन ताड आणि एक टाकी

चि. मीना आणि चि. अरुण,

मोंबासाहून तुमचं पत्र आलं, त्यात अरुणने काढलेलं चित्र होतं. मध्ये कौलारू घर आणि घराच्या दोन्ही बाजूंना एकेक जिराफ. खाली ‘बोरिवलीचं दोन ताडांचं घर’ असं लिहिलेलं नसतं तर मी त्यांना जिराफच समजले असते. अरुणने ते घर पाहिलं तेव्हा तो तीन वर्षांचा होता, त्यामुळे माझी काही तक्रार नाही. मीनाने चित्राखाली विचारलं आहे, ‘आजी, घर अजून असंच आहे ना? आम्ही आलो की ओळखू ना?’

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. गेल्या हिवाळ्यात मी बोरिवलीला गेले होते ती त्याच घरासाठी, आणि काल तुमच्या इंदूआजीचं पत्र आलं. आता गोष्टीचा शेवट मला ठाऊक झाला आहे. म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

ते घर माझ्या वडिलांनी बांधलं आणि आम्हां दोघी बहिणींच्या नावे ठेवलं. मी नागपुरात, इंदू तिथे. तिचा मुलगा वसंत नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरी करतो. घर पाडून तिथे तीन मजली इमारत उभी करायची, असं त्या दोघांनी ठरवलं होतं. अंगणातले दोन्ही ताड जाणार होते. माझ्या सहीशिवाय हे होणार नव्हतं, आणि सही करायची नाही असं मनाशी ठरवूनच मी गाडीत बसले. पिशवीत दोन लुगडी, औषधं, टिपणवही आणि नकाराची चार कारणं, अनुक्रमांक घालून लिहिलेली.

कल्याण मागे पडलं तेव्हा सकाळ झाली होती. समोरच्या बाकावर अकोल्याच्या एक बाई होत्या, पहिल्यांदाच मुंबईला निघालेल्या. मुलुंडपाशी उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला मिठागरं दिसतात, एवढं मला पाठ होतं. आता त्या दोहोंच्या मधे कारखान्यांची करवतीच्या दातांसारखी छपरं आली होती. घाटकोपरला घरं टेकडीच्या कमरेपर्यंत चढली होती. दूर ट्रॉम्बेच्या बाजूला नवी धुराडी दिसत होती आणि एका धुराड्याच्या टोकावर भर उजेडात ज्योत जळत होती. बाईंनी हात जोडले. ते देऊळ नाही, तेलाचा कारखाना आहे, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “असू द्या. ज्योत आहे ना?”

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. इतक्या उंच घरांमध्ये पाणी वर कोण नेतं? मी त्यांना गच्च्यांवरच्या टाक्या दाखवल्या. त्यानंतर दादर येईपर्यंत त्या देवळांचे कळस मोजावेत तशा टाक्या मोजत होत्या. मला हसू आलं, पण मी मुकाट्याने त्यांना आणखी दोन दाखवल्या.

बोरिवलीला उतरून मी टांगा केला आणि लहानपणापासून सांगत आले तसं सांगितलं, “दोन ताडांच्या घरी चला.” टांगेवाला म्हणाला, “बाई, पत्ता बोला. ताडबीड आता कोण बघतो?” चौकात पोहोचलो की ताड समोर दिसतील, असं मी त्याला ठणकावून सांगितलं. चौकात पोहोचलो तर समोर पिवळ्या रंगाची इमारत. डावीकडे पाहिलं तर आणखी एक, बांबूंच्या पिंजऱ्यात उभी. त्या पिवळ्या इमारतीला आम्ही दोन वेळा वळसा घातला. दुसऱ्या वेळी गॅलरीतून एका बाईने, कोण हवंय, म्हणून विचारलंदेखील. पस्तीस वर्षं मुलींना भूगोल शिकवलेल्या बाईने स्वतःचं माहेर शोधत फिरावं, याची मला चांगलीच लाज वाटली. शेवटी दोन भिंतींच्या फटीतून त्या दोन उंच माना दिसल्या.

टांगेवाल्याला मात्र मजा वाटली होती. तो म्हणाला, “गिरगावचा पाहुणा येतो, तो बोलतो, काय जंगलात आणलंस. गावचा पाहुणा येतो, तो मान वर करून मजले मोजतो. ताड शोधणाऱ्या तुम्हीच पहिल्या.”

इंदू फाटकातच उभी होती. उशीर का झाला ते ऐकून ती इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. जेवायला वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती. जेवताना घराचा विषय कोणी काढला नाही. हात धुवायला मागच्या अंगणात गेलो तेव्हा तिने विहिरीत बादली सोडली आणि ओढताना दोनदा थांबली. तिचे गुडघे सुजलेले होते. मी दोर धरायला पुढे झाले, तर तिने हात झटकला.

“तू वर्षाला आठ दिवस येतेस आणि ताड बघतेस, ताई,” ती म्हणाली. “मी रोज विहीर बघते.”

मी बादली उचलून तिच्या हातांवर पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी वसंत मला अंधेरीला घेऊन गेला. त्याच्या कचेरीने आखलेली एक इमारत तिथे पुरी होत आली होती. नळ सोडल्यावर पाणी कसं येतं ते मावशीने डोळ्यांनी पाहिलं की ती विरघळेल, असा त्याचा हिशेब असावा. गच्चीवरून गावदेवीची काळी टेकडी दिसत होती, सुरीने कापल्यासारखी सरळ. तिच्या पायथ्याशी कौलं, माडांचे शेंडे, भातकापणी झालेली खाचरं, आणि त्यांच्यात मधे मधे नव्या इमारती, पेटीतून काढून ठेवल्यासारख्या कोऱ्या. गिरगावातून एक जोडपं जागा बघायला आलं होतं. नवऱ्याने चारी दिशांना पाहून विचारलं, “इथे संध्याकाळनंतर माणसं दिसतात का हो?” बायको म्हणाली, “नसली तर बरंच. चाळीत काय कमी बघितलीत?” आणि तिने स्वयंपाकघरातला नळ तिसऱ्यांदा सोडून पाहिला. मीही, वसंताची पाठ वळल्यावर, एकदा सोडून पाहिला.

रविवारी मी गोराईला जायचा हट्ट धरला. लहानपणी वडील आम्हांला होडीने पलीकडे न्यायचे. ताड जाणारच असतील, तर एकदा पाण्यावरून ते बघून घ्यायचे होते. इंदू गुडघ्यांमुळे घरीच राहिली. वसंताने नकाशाची सुरळी बगलेत मारली. मी कुठे तरी निवांत बसेन आणि तो मला समजावून सांगेल, अशी त्याची आशा होती.

होडी पास्कूची होती. पास्कू गोराईचा ख्रिस्ती कोळी, वय साठीच्या पुढे. त्याचे वडील माझ्या वडिलांना पलीकडे नेत असत. मी कोणाची मुलगी ते सांगताच त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, “ताडवाल्यांची थोरली बाय.” बोरिवलीत जो पत्ता कोणाला कळत नव्हता तो खाडीत चालत होता.

जाताना भरती होती. तिवरांच्या (खाडीकाठच्या खाऱ्या पाण्यातल्या झुडपांच्या) मधून आम्ही सरळ गेलो. गोराईत पास्कूच्या बायकोने आम्हांला ओसरीवर बसवलं आणि फुगे (पिठाचे आंबवून तळलेले गोळे) खायला दिले. ते फारच हलके झाले होते. पीठ कशाने आंबवता, असं मी विचारलं. पूर्वी ताडीने आंबवत असू, आता दारूबंदी आहे म्हणून बाजारचं खमीर आणतो, असं ती म्हणाली आणि पदर नीट करत दुसरीकडे बघू लागली. मी आणखी दोन फुगे घेतले आणि पुढे काही विचारलं नाही.

परत निघालो तेव्हा दुपार कलली होती आणि ओहोटी संपत आली होती. पास्कू मागे उभा राहून लांब काठीने होडी रेटत होता. बोरिवलीचा काठ जवळ येऊ लागला. तिवरांच्या वर पिवळी इमारत, तिच्या शेजारी बांबूंचा पिंजरा, आणि या बाजूने मात्र आमचे ताड स्वच्छ दिसत होते, जवळजवळ एका रेषेत, पुढे पश्चिमेचा आणि मागे उंचवट्यावर पूर्वेचा. मी काही बोलत नाही हे पाहून वसंताने वेळ साधली. तो होडीच्या नाकाडावर उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून त्याने नकाशा माझ्यासमोर उलगडला. हा जिना, हे स्वयंपाकघर, ही तुझी खोली, असं त्याचं सुरू झालं. मागून पास्कू दोनदा म्हणाला, “शेट, खाली बसा.” वसंत तिसऱ्या मजल्यावर पोहोचला होता. त्याला ऐकू गेलं नाही.

होडी अलगद थांबली. पास्कूने काठी रोवली, ती गुडघाभर चिखलात गेली.

“झालं,” पास्कू म्हणाला. “आता पाणी येईल तवा जाऊ.”

वसंत खाली बसला. त्याने नकाशा गुंडाळला तेव्हा ताड पुन्हा दिसले, पण आता एकमेकांपासून चांगले दोन हात लांब. पास्कूने बोट दाखवून मला जे सांगितलं, ते वडिलांनीही कधी सांगितलं नव्हतं. “तुमचे दोन ताड एकामागं एक येऊन एकच दिसला, की होडी खोल पाण्यात. दोन दिसले, की गाळात. ओहोटीला आमी सगळे त्याच्यावरच येतो.”

मी टिपणवही उघडली आणि पुन्हा मिटली. भूगोल शिकवण्यात माझी पस्तीस वर्षं गेली, आणि आपल्या अंगणातली झाडं कोणाचा तरी नकाशा आहेत हे मला माहीत नव्हतं. त्याचबरोबर मला हायसंही वाटलं, ते लपवत नाही. नकाराचं पाचवं कारण सापडलं होतं आणि ते माझ्यासाठी नव्हतं. काळजी करू नकोस, मी सही करणार नाही, असं मी पास्कूला जरा भारदस्तपणे सांगितलं.

पास्कूने माझ्याकडे पाहिलं आणि मोकळेपणाने हसला.

“मंग इंदूबायनं जलमभर पाणी वढायचं?” तो म्हणाला. “आमचा बाप चिंचेवर होडी आणायचा. चिंच पडली, तवा आमी ताड धरले. तुमची माडी हुभी राहील तिच्यावर टाकी असंल ना? मागचा ताड ठेवा. टाकी बसवा पुढच्या ताडाच्या जागंवर, बरोबर वरती. आमचं काम झालं.”

पाणी चढेपर्यंत अर्धापाऊण तास आम्ही त्या गाळावर बसून होतो. पास्कूने विडी ओढली. मी वसंताला नकाशा पुन्हा उलगडायला लावला, या वेळी खाली बसून. टाकी जिन्याच्या वर होती आणि जिना इमारतीच्या पूर्व टोकाला. पूर्वेचा ताड तर नकाशात नव्हताच. तिथे मोटार ठेवायची जागा होती, जरी आमच्यात कोणाकडे मोटार नव्हती.

“मावशी, होडीवाल्यासाठी कोणी जिना हलवतं का?” वसंत म्हणाला. “सगळ्या नकाशाची वाट लागेल ना.”

“आत्ता नकाशाने होडीची लावलीच आहे,” मी म्हटलं. “जिना हलव. मी सही करते.”

त्याने पास्कूकडे पाहिलं, मग चिखलाकडे, आणि खिशातून पेन्सिल काढली. होडी हलली तेव्हा पास्कूने ताडांकडे नजर लावली. ते हळूहळू एकमेकांजवळ सरकले आणि एक झाले. मग त्याने होडी काठाकडे वळवली. काठावर उतरताना माझी एक चप्पल चिखलात राहिली ती राहिलीच. एका पायात चप्पल घालून मी घरी पोहोचले.

इंदूला मी सगळं सांगितलं. तिने आधी माझ्या चिखलाने भरलेल्या पायावर पाणी घातलं. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या गुडघ्यांना नाही ऐकलंस, पास्कूला ऐकलंस.” मी म्हटलं, तसंच झालं खरं. तिने दौत-टाक पुढे केला. सही करून झाल्यावर नेहमीसारखी ती पाणी काढायला उठली, तेव्हा मी दोर धरला आणि या वेळी तिने धरू दिला.

नागपूरला परत येताना गाडीत मी त्या चार कारणांचा कागद पुन्हा वाचला. चारही माझ्या आठवणींबद्दल होती. पाहुणा शहराकडे बघतो तेव्हा त्याला गेल्या खेपेचं शहर हवं असतं, मग तो गिरगावचा असो, अकोल्याचा असो की नागपूरचा. पास्कू रोज बघतो, म्हणून त्याला काय राहिलं पाहिजे ते नेमकं माहीत होतं.

काल आलेल्या पत्रात इंदूने लिहिलं आहे की इमारत पुरी झाली, नळाला पाणी आलं आणि ती पहिल्या दिवशी उगाचच चार वेळा हात धुऊन आली. पास्कू वांग्यांची टोपली घेऊन आला होता. टाकी आणि ताड बरोबर एक होतात, असं त्याने सांगितलं. पण सिमेंटची करडी टाकी कलत्या उन्हात नीट दिसत नाही, अशी तक्रारही केली. वसंताने कुरकुरत टाकीला चुना लावून घेतला, तोही फक्त पश्चिमेच्या बाजूला. शेजारी विचारतात, बाकीच्या तीन बाजू केव्हा रंगवणार?

तेव्हा मीना, घर तुम्ही ओळखणार नाही. कौलं गेली, ओसरी गेली, विहिरीवर फळ्या टाकल्या आहेत. अरुण, तू नवं चित्र काढ. डावा जिराफ पूस, तिथे तीन मजले काढ आणि त्याची मान होती तिथे चौकोनी टाकी, एका बाजूने पांढरी. उजव्या जिराफाला हात लावू नकोस. पूर्वेचा ताड आहे तसाच उभा आहे, आणि होड्या अजून त्याच्यावरच येतात.

तुमची आजी