हळू बोलायला शिकले तेव्हा

आम्ही भिवंडीची पोरं ओरडून बोलतो, हे मला नववीत कल्याणला गेल्यावर कळलं. टेमघरला आमच्या घराला लागूनच वडिलांचे कापड विणायचे सहा लूम होते. दिवसभर खडखडाट. जेवताना मीठ मागायचं तरी ओरडायचं, नाहीतर हातानं खूण करायची. आम्हाला तीच बोलायची रीत वाटे.

त्या वर्षी शाळेत तांत्रिक विषय घ्यायची सोय झाली. आठवड्यातून दोन दिवस कल्याणच्या तंत्रशाळेत जायचं, मशीनवर शिकायचं. पुढे डिप्लोमाला त्याचा उपयोग. आमच्या शाळेला जागा मोजक्याच, म्हणून मुलाखत होती. मला ती जागा हवीच होती. लूमची मोटर बिघडली की मिस्त्री वडिलांना दोन-दोन दिवस ताटकळत ठेवायचा, त्याचा मला भयंकर राग होता. आमची मोटर मला स्वतः उघडायची होती.

मुलाखतीला कल्याणला वडील सोबत आले. तंत्रशाळेच्या सरांनी विचारलं, "मोटर जळते कशानं?" मी नेहमीच्या आवाजात उत्तर दिलं. सर खुर्चीत मागे सरले. "भांडायला आलीस का?" वडील मदतीला धावले, "न्हाय सर, पोर लय शांत हाय!" तेही माझ्याइतक्याच मोठ्यानं. बाहेर थांबलेली मुलं खो-खो हसली. जागा गेली, असंच मला वाटलं.

मग सर आम्हा सगळ्यांना वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. लेथ मशीन सुरू होतं, त्या आवाजात त्यांनी काहीतरी मागितलं. बाकीचे एकमेकांची तोंडं बघत राहिले. मी सरांच्या ओठांकडे बघितलं आणि पाना उचलून दिला. आमच्या घरात हे शेंबड्या पोरालाही येतं.

जागा मिळाली. "पण इथे हळू बोलायचं," सरांनी बजावलं.

वर्षभरात मी तेही शिकले. दहावीच्या सुट्टीत एका शुक्रवारी पहिल्यांदाच आमची मोटर खोलली, दुरुस्त केली. वडील मागेच उभे होते. शेवटचा नट आवळत, मान वर न करता मी म्हटलं, "बाबा, झालं काम." उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. मग वळून बघितलं, तर ते माझ्या ओठांकडे बघायला खाली वाकले होते.

"काय बोलतेस? आयकू येत न्हाय."

भिवंडीत शुक्रवार म्हणजे लूमना सुट्टी. सहाही लूम बंद होते.