बारा विती कपाट

गोत्रीच्या आमच्या फ्लॅटमध्ये मापाची टेप नाही आणि माझ्या अंगात जीव असेपर्यंत येणारही नाही.

रावपुऱ्यातलं घर सोडून आम्ही इथे आलो, तेव्हा बेडरूममध्ये भिंतभर कपाट करायचं ठरलं. नलू, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "शेजारून टेप मागून आणते."

मी (निवृत्त इतिहास-शिक्षक!) खवळलो. "टेप कशाला? मापं निघाली कुठून? माणसाच्या अंगातून! बोट, वीत, हात! राजाचा हात म्हणजे अख्ख्या राज्याचं माप!"

"इथे राजा कोण?"

मी पंजा पसरून कोपऱ्यापासून दाराच्या चौकटीपर्यंत भिंत मोजली. बारा विती! लगेच पादरा गावच्या रमणभाई सुतारांना फोन.

"बराबर बार वेंत ने, साहेब?"

"बराबर! बारा विती!"

पंधरा दिवसांनी रमणभाई टेम्पोतून कपाटाचे तीन भाग घेऊन आले. पहिले दोन असे चपखल बसले की मी नलूकडे विजयी नजरेनं पाहिलं. तिसरा बसला आणि निम्मं दार झाकलं गेलं!

"अहो, बारा विती सांगितल्या होत्या!"

"बारच छे!" रमणभाईंनी कपाटावर पंजा पसरला. पंजा कसला, सूपच ते! बारा भरल्या. कपाट पुढे ओढून मी भिंतीवर माझी वीत टाकली. त्याही बाराच! दोघंही खरे, आणि दार बंद!

आरडाओरडा ऐकून शेजारी आले. वरच्या मजल्यावरचे जयंतीकाका "लावो, हुं मापुं" म्हणत पुढे सरसावले. त्यांच्या अकरा भरल्या, त्यांच्या बायकोच्या चौदा. दहा मिनिटांत अर्धी सोसायटी आमच्या भिंतीला पालीसारखी चिकटली, आणि प्रत्येकाची भिंत वेगळी!

नलू वैतागली. "रमणभाई, फूटभर कापून टाका."

"फूट?" मी गरजलो. "फूट म्हणजे कुणाचं पाऊल? आपलं की परक्याचं?"

"मारा हाथनुं माप खोटुं, एम?" रमणभाईही दुखावले.

चूक कबूल केली असती तर पाच मिनिटांत निभावलं असतं, हे मला कळत होतं. पण अर्धी सोसायटी मान वळवून माझ्याकडे बघत होती! "कापायचं नाही! या घरात माझीच वीत चालेल!"

"मग रमणभाईंची कशी चालली?" नलूनं विचारलं.

रमणभाईंनी करवत पिशवीत टाकली आणि रागारागानं पादरा गाठलं. आम्ही दार बिजागऱ्यांसकट काढून ठेवलं आणि बाहेरून ओढून कपाट परत भिंतीला टेकवलं. उरलेल्या फटीतून नलू तिरकी होऊन सहज आत गेली. मीही ताठ मानेनं निघालो आणि मधेच रुतलो. जयंतीकाकांनी मागून ओढून काढलं.

तेव्हापासून मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपतो. पण माघार नाही! आमच्या घरात आजही माप माझ्याच हाताचं आहे. फक्त त्या मापात माझं पोट बसत नाही.