मानेला टोचणारी कॉलर

ताईंनी शिवलेला कपडा अंगाला कुठे म्हणून टोचत नसे. याचं श्रेय गिऱ्हाइकं ताईंच्या हाताला देत, पण ते खरं त्यांच्या लेकीचं. चिमीला गर्दी चालत नाही, मोठा आवाज चालत नाही, आणि मानेला साधं लेबल लागलं तरी ती घर डोक्यावर घेते. शिवण म्हणजे काय ते ताई तिच्याकडूनच शिकल्या म्हणा ना. शिलाई आत दुमडायची, टोक दाबायचं आणि आधी स्वतःच्या गालावर घासून बघायचं.

शाळेच्या गणवेशाची कॉलर मात्र खरखरीत, पुठ्ठ्यासारखी. ताईंनी त्याच रंगाच्या मऊ कापडाचा गणवेश शिवून नेला. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम, उद्या प्रत्येकीची आई कापड घेऊन दारात उभी राहील. महिनाभरात चिमीने भर वर्गात तीनदा गणवेश ओरबाडून काढला. मग बाईंनी शाळेतून तिचं नावच काढलं.

ताई रडल्याबिडल्या नाहीत. बॉबिनवर दोरा गुंडाळावा तसा त्यांनी राग घट्ट गुंडाळून ठेवला. दोन वर्षांनी त्याच बाई त्यांच्याकडे कोट शिवून घ्यायला आल्या, आपल्या निरोपसमारंभासाठी. बाईंनी ताईंना ओळखलंसुद्धा नाही. ते तर जास्तच झोंबलं.

ताईंनी गोड बोलत माप घेतलं. बाईंची पाठ वळताच चिमीचा जुना गणवेश शोधून काढला, त्याची कॉलर कापली आणि कोटाच्या कॉलरला आतून बेमालूम बसवली. इतकी सुबक शिलाई त्यांनी उभ्या जन्मात घातली नव्हती. पुढचे चार दिवस त्या मशीनवर बसल्या बसल्या तो समारंभ बघत होत्या. बाई भाषणाला उभ्या राहतात, मान खाजवतात, चुळबुळतात. ताई दर वेळी पहिल्या रांगेत.

समारंभाच्या दिवशी दुपारी बाई आल्या. कोट घालून त्यांनी आरशासमोर मान डावीकडे केली, उजवीकडे केली, खांदे उडवले. टाचण्या तोंडात असल्यामुळे ताईंना हसू दाबणं सोपं गेलं. तेवढ्यात परक्या माणसाच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी चिमी कोपऱ्यातून उठली. तिने बाईंच्या मानेत बोटं घातली आणि कॉलर लांब ओढून धरली. सोडेचना.

घरभेदी कार्टी, ताई मनात म्हणाल्या.

"हिला कसं कळलं, टोचतंय ते?" बाईंनी विचारलं.

ताईंनी टाचण्या काढून डबीत टाकल्या. "तुम्ही दोन मिनिटं घातलीत. ती रोज पाच तास घालत होती. तुमच्याच शाळेची कॉलर आहे ती."

बाईंनी मुलीकडे नीट पाहिलं. मग स्टुलावर बसल्या आणि चुकलंच माझं, असं काहीसं पुटपुटल्या. ताईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जरा वेळाने बाईंनी कोट काढून पुढे केला आणि अजिजीने विचारलं, एवढी कॉलर उसवून द्याल का, सहाला समारंभ आहे.

काम दहा मिनिटांचं होतं. दिलेली वेळ ताईंनी बारा वर्षांत एकदाही चुकवली नव्हती. त्यांनी कोटाची व्यवस्थित घडी घातली आणि तो वरच्या फळीवर ठेवून दिला.

"परवा या," त्या म्हणाल्या.