बारा नंबरची बाटली

नागभीडकडच्या आमच्या गावात मागच्या वर्षी एका भाऊंच्या लघवीचा अहवाल त्यांच्या तेरवीनंतर आला. ती चीड मी गावाच्या वतीने काढलेल्या पत्रकात ओतली: निकाल वेळेवर द्या, नाहीतर नमुने नेऊ नका. विहिरीच्या पाण्याने किडन्या जातात का, हे शोधणाऱ्या नागपूरच्या संशोधक ताईंनी ते वाचलं. त्यांचं एनएमआर यंत्र म्हणजे एक अजस्र चुंबक. लघवीतली बारीकसारीक रसायनं ते रेघांच्या आलेखात दाखवतं. पण एकेका नमुन्याला फार वेळ लागायचा, त्यात रांग. यंदा ताईंनी मोजणी इतकी आखूड केली, की चहा होईपर्यंत एक बाटली वाचून व्हायची.

मी घरोघर बाटल्या वाटल्या. दारात उभं राहून बजावलं, "रिकामी बाटली घेणार नाही. एका घराच्या आळसाने सगळं गाव मरेल." पत्रकात शोभावं असं वाक्य.

सकाळी बर्फाच्या डब्यात नमुने गेले. संध्याकाळच्या आत ताईंचा फोन. "अकरा आणि बारा एकाच माणसाच्या आहेत. दोनदा लावून पाहिल्या. रेघ न् रेघ जुळते."

अकरा नंबर गावातल्या एका आईचा, बारा तिच्या सोळा वर्षांच्या मुलीचा. मी तावातावानेच गेलो. आई अंगणात भांडी घासत होती.

"बाई, दोन्ही बाटल्या तुमीच भरल्या ना?"

"माय-लेकी एकाच विहिरीचं पेतो बापू. सारखंच असंन."

"मशीनले फसवता येत नाई. काऊन केलं असं?"

"मशीनले एवढं समजते, त मले काऊन विचारून राह्यला?" मग तिचे हात थांबले. "तूच बोंबलून गेला, रिकामी चालनार नाई म्हनून. पोरीले झालीच नाई. काल सकाळपासून."

आत मुलगी बाजेवर पडली होती. भाताच्या रोवणीने थकली असेल, असं आईला वाटलं होतं. चेहरा सुजलेला. पैंजण पायात रुतलेले.

मी ताईंना फोन लावला. "नमुना राहू द्या," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

शेजारच्याने ऑटो दाराशी आणली. पोरीला धरून बसवताना आईने माझ्या खिशातल्या कोऱ्या बाटलीकडे पाहिलं.

"दवाखान्यात बी भरूनच मांगतीन का?"

मी ती बाटली काढून अंगणातच ठेवली आणि ऑटोत चढलो.