जावकचा रकाना

लॅपटॉपवरचा एक जुना प्रोग्राम आज काढायला घेतला. ‘नक्की काढायचा?’ असं पडद्यावर आलं आणि बोट अडलं. वडिलांची वही आठवली.

माझे वडील, अण्णा, वैजापूरच्या तहसीलमध्ये आवक-जावक कारकून होते. आमच्या गारखेड्याच्या घरी संगणक आला, तेव्हा त्यांनी त्याचीही वही घातली. प्रोग्राम टाकला की आवक, काढला की जावक. मला त्याचा भारी वैताग यायचा. एका दुपारी मी त्यांना न विचारताच एक प्रोग्राम उडवला. तो नेमका मराठी टायपिंगचा निघाला. आई गेल्यावर अण्णांनी तिच्याबद्दल लिहिलेली सगळी पानं इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन बसली. मी रडायलाच लागले.

अण्णांनी शांतपणे वही उघडली. “रडू नको गं, सोनी. सीडी कुठं ठेवलीय ते लिहिलंय इथं. गेलेलं लिहून ठेवलं की परत आणता येतं.”

पानं परत आली.

अण्णा गेल्यापासून ती वही माझ्याकडं पुण्यात आहे. जावकमध्ये शेवटची नोंद मी घर सोडलं त्या दिवसाची: ‘सोनी, पुण्याला.’ समोरचा आवकचा रकाना अण्णांनी कोरा ठेवला होता. तो तसाच राहिला.