काठावरचं नाव

महाराणा प्रताप नगरातल्या ट्रॉफीच्या दुकानात तापलेल्या पॉलिशचा वास आला आणि बरखेड्याचं आमचं कारखान्याचं क्वार्टर आठवलं. सीमेवर मारल्या गेलेल्या दादाचं मरणोत्तर पदक देवांशेजारी ठेवलेलं असायचं, उदबत्तीच्या धुराने काळवंडलेलं. बाबा कारखान्यात फिटर, त्यांना कळकट धातू बघवायचा नाही. एक दिवस ते पदक डब्याच्या पिशवीतून घेऊन गेले आणि मशीनवर घासून आरशासारखं लखलखीत करून आणलं. आई सवयीने काठावर कोरलेलं दादाचं नाव बोटाने चाचपू लागली. काठ गुळगुळीत झाला होता. बाबांनी चहाला हात लावला नाही. “आता ते कुणाचंही असू शकतं,” एवढंच म्हणाले. परवा कपाट आवरताना माझ्या मुलीने ते उचललं आणि इथल्या हिंदीत विचारलं, “पप्पा, ये किसका है?”